ड्रूसी पार्डीचा लाल ठिपका

ड्रूसी पार्डीला हसू आलं की टर्न टिकल या किनाऱ्यावरच्या गावातले लोक हातातलं काम खाली ठेवायचे. ठेवावंच लागायचं. तिचं हसू सुरू व्हायचं ते शिट्टी मारणाऱ्या किटलीसारखं, बारीक आणि चिरकं. मग ते वर वर चढायचं, आधी खांदे हलायचे, मग पोट, मग खुर्ची. श्वास संपला की घशातून एक लांबलचक, थरथरता, खाली खाली घसरत जाणारा हंबरडा निघायचा, आँऽऽऽह! आणि तेवढ्यावर भागलं तर बरं. बहुतेक वेळा बाई डोळे पुसून, श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

खेकड्यांच्या कारखान्यात बायका रांगेनं उभ्या राहून खेकड्यांचे पाय फोडत. ड्रूसी मधोमध उभी असली की रांग दोन्ही बाजूंनी कोसळायची. मुकादमानं तिला उचलून पार टोकाला, बर्फाच्या यंत्राशेजारी उभं केलं, म्हणजे त्या खडखडाटात हसू बुडून जाईल. हसू काही बुडालं नाही. उलट बर्फ फोडणारे दोघं कामातून गेले.

लग्नातही तेच. पाद्रीबाबांनी "या पुरुषाचा स्वीकार करतेस का?" विचारलं आणि ड्रूसीची नजर नेमकी हेवर्डच्या मिशीवर पडली. सकाळी त्यानं ती एका बाजूला जरा जास्तच कापली होती. झालं! सगळं चर्च बाकांना धरून हसत होतं. हेवर्डचे कान लाल झाले. त्याला वाटलं, नकार दिला. त्यानं मुकाट्यानं अंगठी परत खिशात टाकली. पाद्रीबाबांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या तोंडून 'हो' बाहेर पडला तो त्या शेवटच्या हंबरड्यातून. हेवर्डनं तेवढ्यावर समाधान मानलं आणि अंगठी पुन्हा बाहेर काढली.

हेवर्ड पार्डी स्वतः मात्र कधी हसत नसे. लॉब्स्टरचे पिंजरे टाकणारा, उंच, शांत माणूस. त्या मिशीखाली काय चाललंय हे कुणालाच कळायचं नाही. "अगं, या लाकडाच्या ओंडक्याशी तुझं जमलं तरी कसं?" असं बायका विचारायच्या, तेव्हा ड्रूसी म्हणायची, "त्याच्याकडे बघितलं की मला हसू येतं. आणखी काय पाहिजे?"

तर ही ड्रूसी साठी ओलांडून गेली, कारखाना सुटला, पोरगा कर्टिस अल्बर्टात तेलाच्या खाणींवर गेला, आणि त्या वर्षी मूस नावाच्या थोराड सांबराच्या शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत तिचं नाव निघालं.

नेमबाजी तिला लहानपणापासून यायची. वडलांनी शिकवली होती. त्यांचीच जुनी रायफल तिच्याकडे होती. खालचा खटका पुढे ढकलून मागे ओढला की रिकामी पुंगळी वरून टुणकन उडायची आणि नवं काडतूस आत सरकायचं. तरुणपणी ड्रूसी त्या रायफलीनं भल्याभल्यांना खाली बघायला लावायची, अर्थात हसू आलं नाही तर. पण आता डोळे पूर्वीचे राहिले नव्हते. नेम धरायची मागची खाच धुक्यात गेलेली, नळीच्या टोकावरच्या मण्याचे दोन मणी झालेले, आणि लांबचं झाड मात्र स्वच्छ. तिन्ही एका रेषेत आणायला जावं तर तोवर मूस दुसऱ्या प्रांतात पोचायचा.

"मी मारतो," हेवर्ड म्हणाला.

"नाव कुणाचं निघालं?"

"तुझं."

"मग?"

हे सगळं कर्टिसला फोनवर कळलं आणि काही दिवसांनी पोस्टानं एक छोटंसं खोकं आलं.

खोकं उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात चौघं होते. ड्रूसी, हेवर्ड, हेवर्डची बहीण मेल्वी आणि अझर काका. मेल्वी शेजारच्याच घरात राहायची आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असायचं. अझर काका म्हणजे हेवर्डचा चुलता, ऐंशीच्या पुढचा. या किनाऱ्यावर आपल्याइतके मूस कुणी मारले नाहीत असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या शेडमध्ये मोडक्या बोटीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं सापडायचं. चहा झाला होता. काका पावावर काकवी ओतत होते.

खोक्यातून अंगठ्याएवढी एक काळी नळी निघाली. दोन्ही बाजूंनी काच. बटण दाबलं की काचेत मधोमध एक लाल ठिपका उगवायचा, टाचणीच्या डोक्याएवढा.

"एवढंसं?" मेल्वीनं नळी डोळ्याला लावली. "यातून मोठं दिसतं?"

"नाही. आहे तेवढंच दिसतं," ड्रूसी म्हणाली.

"मग मेलं याचं करायचं काय?"

फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडून कर्टिस म्हणाला, "आई, खाच विसर, मणी विसर. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. ठिपका ज्याच्यावर, गोळी त्याच्यावर."

"आणि हे बसवायचं कुठे, बाळा?"

"कुठेही बसव. दुर्बिणीसारखं याला डोळ्यापासून ठरावीक अंतर लागत नाही. पुढे, मागे, कुठेही चालतं."

त्या 'कुठेही'नं घात केला. फोन खाली ठेवायच्या आत काकांनी सुरी आपटली. "कुठेही म्हणजे काय? गाय आहे का ती, कुठेही बसायला? रायफलीच्या पोटावर, काडतूस सरकतं तिथे बसवायचं, बरोबर मधोमध. आपली नजर तिथूनच जाते."

"पुढे," हेवर्ड म्हणाला.

"मला विचाराल तर बाजूला," मेल्वी म्हणाली. "म्हणजे हेही दिसेल आणि जुनी खाचही दिसेल."

"तुला विचारलंय कुणी?" काका.

"म्हणून तर म्हटलं, विचाराल तर!"

ड्रूसीची किटलीची शिट्टी सुरू झाली आणि त्या दिवसाची चर्चा तिथेच संपली.

काका वयानं मोठे, म्हणून पहिला मान काकांना. त्यांनी शेडमधून लोखंडाची एक कमान शोधून काढली, रायफलीच्या कुशीला स्क्रूनं आवळली आणि कमानीच्या माथ्यावर नळी चढवली. दिसायला झकास दिसत होतं, एखाद्या चर्चवर मनोरा असावा तसं.

गावाबाहेर जुनी वाळूची खाण होती. समोर वाळूचा उंच कडा, त्यामुळे नेमबाजी सगळे तिथेच करत. एका मोडक्या फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला, हेवर्डनं बाजूला शेकोटी पेटवून चहाचं आधण ठेवलं. ड्रूसीनं रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि नळीत बघितलं. नळीत काहीच नव्हतं, कारण नळी तिच्या कपाळासमोर होती.

"वर बघ, वर!" काका ओरडले.

तिनं गाल उचलला. हनुवटी उचलली. बदकासारखी मान ताणली, तेव्हा कुठे ठिपका दिसला.

"आता आहे!"

"मग ओढ चाप!"

गोळी सुटली. कागदाला लागली नाही, पण फ्रिजला लागली. सवयीनं तिनं खटका खाली ढकलला. या रायफलीची पुंगळी सरळ वर उडायची आणि वर आता मनोरा होता. पुंगळी त्या नळीच्या बुडावर टणकन आपटली, उलटी फिरली आणि ड्रूसीच्या सदऱ्याच्या गळ्यातून थेट आत शिरली.

पितळ तापलेलं होतं.

ड्रूसीनं रायफल सावकाश खाली ठेवली. तेवढं भान तिला वडलांनी दिलं होतं. मग मात्र ती नाचली. एका पायावर नाचली, दोन्ही पायांवर नाचली, सदरा झटकत त्या फ्रिजला प्रदक्षिणा घालून आली. "निघाली का? निघाली का?" करत मेल्वी तिच्यामागून धावत होती. "खाली उतरलीय!" म्हणून ड्रूसी किंचाळत होती.

तेवढ्यात शेकोटीपाशी एक चमत्कारिक आवाज झाला. गंजलेलं फाटक कुणीतरी जोर लावून उघडावं तसा. सगळे थांबले. आवाज हेवर्डच्या मिशीखालून येत होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय झालं याला?" काका घाबरून म्हणाले.

"हसतोय," मेल्वी म्हणाली. तिचा स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. "आमच्या आईलासुद्धा हे बघायला मिळालं नाही हो!"

पुंगळी तोवर गार होऊन बुटात उतरली होती. हेवर्डला हसताना बघून ड्रूसीला जो हसण्याचा झटका आला, त्यात आधण उतू जाऊन शेकोटी विझली तरी कुणाला कळलं नाही.

घरी येताना काका कुरकुरले, "पुंगळी वर उडते हे मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझी रायफल. मला वाटलं तुला माहीत असेल."

मग हेवर्डची पाळी. त्यानं मनाशी सरळ हिशेब केला होता. पुंगळीपासून लांब, डोळ्यापासून लांब, म्हणजे जितकं पुढे तितकं बरं. बंदुकीच्या नळीखाली हात धरायचं जे लाकूड असतं, त्याच्या अगदी पुढच्या टोकाला त्यानं दोन स्क्रू मारले, पट्टी बसवली, पट्टीवर ठिपका. पुन्हा सगळी वरात खाणीत.

रायफल उचलताच तिचं तोंड खाली झुकलं, चाऱ्याला लागलेल्या घोड्यासारखं. ड्रूसीनं ती कशीबशी सावरली. एवढ्या लांबवर ती नळी सदऱ्याच्या गुंडीएवढी दिसत होती, आणि त्या गुंडीत ठिपका शोधायला तिला आधी गुंडी शोधावी लागत होती.

"सापडला का?" मेल्वी.

"थांब... गेला... हां, आला."

पहिली गोळी कागदाच्या काठाला लागली. हेवर्डची छाती फुगली. दुसरी कागदाबाहेर डावीकडे, तिसरी फ्रिजबाहेर डावीकडे. चौथीनं वाळूच्या कड्यावर आणखी डावीकडे धूळ उडवली.

"ही अशीच चालली तर पुढची क्यूबेकला पोचेल," मेल्वी म्हणाली. "त्यांना फोन करून सांगायचं का, खाली बसा म्हणून?"

हेवर्डनं येऊन पट्टीला हात लावला. पट्टी सैल दातासारखी हलत होती. प्रत्येक धक्क्यानं लाकडातले स्क्रू थोडेथोडे सुटत गेले होते. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं पट्टी उतरवली. काकांनी मात्र संधी सोडली नाही. "लाकडावर कुणी नेम बसवतं का रे? लाकूड फुगतं, लाकूड आकसतं."

"आणि तुमच्या मनोऱ्याचं काय?"

"मनोरा हलला नव्हता," काका ताठ मानेनं म्हणाले.

ड्रूसी त्या रात्री जेवताना विचार करत होती. दोघांनी आपापली अक्कल रायफलीवर चालवली होती, पण रायफल धरणार होती ती. आणि तिला एवढंच हवं होतं की बंदूक खांद्याला लागताच ठिपका समोर असावा, मान न ताणता, शोधाशोध न करता. भांडी घासता घासता तिची नजर कचऱ्याच्या बादलीतल्या पुठ्ठ्याच्या नळीवर गेली. कागदाचा रोल संपला की उरते ती नळी. तिनं ती उचलली, कात्रीनं आखूड केली, रबरबँडनं रायफलीवर बांधली.

पुढचे काही दिवस तिच्या स्वयंपाकघरात तोच उद्योग चालला. काडतुसं वरच्या मजल्यावर कपाटात, रायफलीचं पोट उघडून दोनदा बोट घालून बघितलेलं. मग खिडकीपाशी उभं राहायचं, डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर निवांत टेकवायचा आणि डोळे उघडायचे. पुठ्ठ्याच्या नळीतून भिंतीवरच्या कॅलेंडरातली होडी दिसायला हवी. नाही दिसली की नळी सरकवायची आणि पुन्हा डोळे मिटायचे.

अशीच ती डोळे मिटून उभी असताना दार उघडून चर्चच्या रेव्हरंड बाई आत आल्या. त्या गावात नव्या होत्या आणि दार न वाजवता आत शिरायचं हे त्यांना सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं. समोर बघतात तर आजीच्या वयाची बाई, अंगात ॲप्रन, डोळे मिटलेले, हातात रायफल आणि रायफलीवर संडासातल्या कागदाची नळी.

"मी... नंतर येऊ का?"

ड्रूसीनं डोळे उघडले. किटली वाजली. ती खुर्चीत कोसळली, खुर्ची हलली, हंबरडे फुटले, आणि रेव्हरंड बाई आधी दाराला धरून, मग फ्रिजला धरून, शेवटी जमिनीवर बसून हसल्या. श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या, "मी बघू का करून?"

त्यांनी रायफलीचं पोट उघडं आहे ना, हे बघून घेतलं आणि डोळे मिटून रायफल लावली. नळी तेव्हा पार मागे, डोळ्याजवळ होती.

"काय दिसतंय?"

"पुठ्ठा. सगळीकडे पुठ्ठाच पुठ्ठा."

"मग पुढे घेते. आता?"

"आता होडी दिसते. पण कड अजून जाड आहे."

"अजून थोडी पुढे?"

"थांबा... अहो, कड गेलीच! दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर नुसती होडी. आणखी पुढे घेऊन बघा. नाही, नाही, आता बारीक झालं. मघाचंच बरं होतं."

ड्रूसीनं स्वतः करून बघितलं. तिलाही तीच जागा जमली. रायफलीच्या पोटाच्या अगदी पुढे, बंदुकीच्या नळीच्या बुडाशी, आणि जितकं खाली बसेल तितकं खाली, म्हणजे गाल लाकडावरून हलायला नको. पुंगळीला वर मोकळं आभाळ. वजन दोन हातांच्या मध्ये. तिनं भुवया रंगवायची पेन्सिल आणून खूण केली आणि मग नीट बघितलं. खूण बरोबर त्या जुन्या खाचेशेजारी आली होती.

"शंभर वर्षांपूर्वी बनवणाऱ्यानं नेमाची खाच जिथे ठेवली, तिथेच," ती म्हणाली. "आणि आम्ही गावभर हिंडून आलो!" त्यावर पुन्हा दोघींचं सुरू झालं. रेव्हरंड बाई आल्या कशाला होत्या, हे त्यांना घरी गेल्यावर आठवलं.

पट्टी शेवटी अझर काकांनीच केली. आधी "पोटावरच बरं होतं" म्हणून पाऊण तास कुरकुरले. मग जुनी खाच ठोकून बाहेर काढली आणि तिच्या खोबणीत चपखल बसेल असा पोलादाचा तुकडा कानशीनं घासत बसले. मेल्वी चहा घेऊन गेली तेव्हा तिला म्हणाले, "लोखंड लोखंडात बसलं पाहिजे. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण तिला सांगू नकोस." मेल्वीनं कप खाली ठेवला, कुंपण ओलांडलं आणि सांगून टाकलं.

मग सगळे तिसऱ्यांदा खाणीत गेले. ड्रूसीनं रायफल लावली आणि ठिपका कागदावर होता. मान ताणायची नाही, शोधायचं नाही, नुसता होताच. पहिल्या गोळ्या खाली लागल्या. हेवर्डनं नळीच्या कडेचा बारीकसा स्क्रू थोडा फिरवला, आणि पुढच्या गोळ्या एकमेकींच्या शेजारी अशा बसल्या की चहाच्या बशीनं झाकल्या असत्या. पुंगळ्या टुणटुण उडून वाळूत पडल्या.

मग काका म्हणाले, "ठीक आहे, म्हणजे मनोऱ्यापेक्षा फार वाईट नाही," आणि ड्रूसीला हसू आलं. नेमकी तेव्हा तिची नजर नळीत होती. लाल ठिपका फ्रिजच्या दारावर थुईथुई नाचायला लागला. वर, खाली, हँडलवर, कागदावर, दाराबाहेर. तिचं हसू जसं चढत गेलं तसा तो मोठाले गोते खायला लागला, आणि हंबरड्याच्या वेळी थरथरत थरथरत वाळूपर्यंत उतरला.

तिनं चापावरचं बोट कधीच काढून घेतलं होतं. "अरे हेवर्ड!" ती ओरडली. "माझं हसू दिसतंय! इतकी वर्षं हसतेय, पण स्वतःचं हसू आज पहिल्यांदा बघितलं!"

सगळ्यांनी पाळीपाळीनं रिकामी रायफल धरून बघितली. हेवर्डचा ठिपका खिळा ठोकल्यासारखा स्थिर. काकांचा म्हातारपणानं लटलट. मेल्वीचा बोलायच्या ओघात डोलत होता, आणि थांबायला तयार नव्हता.

ऑक्टोबरात, पहिल्या पांढऱ्या दवाच्या सुमारास, ड्रूसी आणि हेवर्ड क्वाडवर, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाडीवर बसून आतल्या दलदलीकडे गेले. डोक्यावर केशरी टोप्या, पिशवीत पाव, डुकराच्या चरबीत तळलेल्या टोटन नावाच्या जाड पुऱ्या आणि थर्मास. दलदलीच्या कडेनं वाऱ्यानं वाकलेल्या बुटक्या स्प्रूसच्या झाडांची दाट भिंत होती. दिवस मूसच्या माजाचे. हेवर्डनं कॉफीच्या डब्याला ओली दोरी बांधली होती. ती ओढली की मादीसारखा आवाज निघायला हवा. निघाला तो बेडकाच्या ढेकरेसारखा.

"हे ऐकून कोण येईल रे?" ड्रूसी कुजबुजली.

"गप्प."

"एखादा बेडूक येईल फार तर."

"ड्रूसे, गप्प बस."

ती तोंड दाबून बसली. सूर्य वर आला, चहा संपला. काही आलं नाही. हेवर्डनं जागा बदलायचं ठरवलं आणि शेवाळाच्या हिरव्या गादीवर भरवशानं पाय ठेवला. पाय मांडीपर्यंत आत गेला. चेहऱ्यावर काही नाही. त्यानं पाय ओढला, दलदलीनं ओढला, त्यानं पुन्हा ओढला, आणि ओल्या चुंबनासारखा मोठा आवाज होऊन पाय बाहेर आला. बूट आत राहिला, मोजाही आत राहिला. हेवर्ड करकोच्यासारखा एका पायावर उभा राहून स्वतःच्या गुलाबी पायाच्या बोटांकडे गंभीरपणे बघत होता.

ड्रूसीनं खरंच प्रयत्न केला. टोपी तोंडात कोंबली. पण शिट्टी नाकातून निघाली, खांदे हलले, पोट हललं, आणि मग त्या शांत दलदलीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो लांबलचक हंबरडा घुमला. आँऽऽऽह! श्वास घेतला. पुन्हा, आँऽऽऽऽह!

"झालं," हेवर्ड म्हणाला. "आता पुढच्या सोडतीपर्यंत इथे काही फिरकणार नाही."

पलीकडच्या झाडीतून उत्तर आलं. खोल, खर्जातलं, घोगरं, "ऊंख!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ऊंख!" आता जास्त जवळून. फांद्या मोडल्या.

हेवर्डचे ओठ हलले. "तुलाच बोलावतोय."

हे त्यानं बोलायला नको होतं. ड्रूसीचं हसू पुन्हा उसळलं, ती दोन्ही हातांनी पोट धरून हंबरली, आणि स्प्रूसची भिंत फाडून तो बाहेर आला. काळा, ओला, घोड्याहून उंच, शिंगं दाराच्या फळ्यांसारखी रुंद. इतक्या जवळ की नाकातली वाफ दिसत होती. तो कान पुढे करून थांबला. आपल्याला एवढ्या प्रेमानं कोण हाक मारतंय, याचा तो शोध घेत असावा.

रायफल खांद्याला कधी लागली हे तिला कळलंच नाही. गाल लाकडावर, दोन्ही डोळे उघडे, समोर अख्खा मूस आणि त्याच्यावर लाल ठिपका बेभान नाचतोय. शिंगावर, पाठीवर, मागच्या झाडावर, पुन्हा नाकावर. जुन्या खाचेतून बघत असती तर तिला हे दिसलंही नसतं. ती आता तेवढंच बघत राहिली. हेवर्डकडे बघितलं नाही. त्याच्या बोटांचा विचार केला नाही. ठिपक्याचे गोते आखूड झाले. मूसनं मान वळवून कूस दिली. हसू तिच्या पोटात अजून होतं, पण खाली बसत चाललं होतं. ठिपका खांद्यामागे येऊन थरथरला आणि तिनं श्वास अर्धा सोडला तेव्हा थांबला.

गोळीच्या आवाजानं सगळी दलदल हादरली. पुंगळी वर उडून उन्हात चमकली आणि लांब कुठेतरी पडली. मूस काही पावलं चालला, विचार केल्यासारखा उभा राहिला आणि गुडघ्यांवर बसला.

ती मूसपाशी गेली तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तिनं त्याच्या मानेच्या गरम केसांवर हात ठेवला, आणि डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत. हेवर्ड एका बुटात, एका अनवाणी पायानं तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "चांगली गोळी," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "चांगली हाकही."

काकांना आणि मेल्वीला बोलावणं गेलं. दोघं दुसऱ्या क्वाडवरून आले. मेल्वीनं भावासाठी बूट आणला, तोही डाव्याऐवजी उजवा. अंधार पडेपर्यंत चौघं मांस वाहत होते. त्या आठवड्यात टर्न टिकलमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्या प्रत्येक घरी वाटा गेला. रेव्हरंड बाईंना काळीज मिळालं, आणि ते कसं शिजवायचं हे सांगायला मेल्वी. ड्रूसीच्या घरात कांद्यावर परतलेल्या यकृताचा वास भरून राहिला होता आणि जो येईल तो दलदलीची गोष्ट पहिल्यापासून ऐकायला मागत होता.

त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या शनिवारी अझर काका दारात हजर. सोडतीत त्यांच्या दुसऱ्या एका पुतण्याचंही नाव निघालं होतं आणि अजून काही मिळालं नव्हतं.

"चल," काका म्हणाले. "रायफल राहू दे. नुसती हसायला चल."

ड्रूसी गेली. काकांनी तिला एका बुंध्यावर बसवलं, स्वतः तिच्यामागे बसले, पुतण्या पुढे रायफल घेऊन दबा धरून बसला.

"हं," काका कुजबुजले. "हस."

ड्रूसी हसेना.

"अगं, हस की!"

"येत नाहीये, काका."

"हेवर्डच्या पायाचा विचार कर."

तिनं केला. त्या पायामुळे बिचाऱ्याला सर्दी झाली होती, हे तेवढं आठवलं. काकांनी तोंडं वाकडी केली. कवळी काढून दाखवली. लग्नातल्या मिशीची आठवण करून दिली. ड्रूसी देवळात बसल्यासारखी गंभीर. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे कुणीतरी हसू मागत होतं आणि तिच्यापाशी एक थेंब नव्हता. दुपारपर्यंत काका इतके वैतागले की पुतण्याचा थर्मासही त्यांनीच पिऊन टाकला.

"एवढ्या लांब आणली, आणि ही हेवर्ड होऊन बसली," ते म्हणाले.

ड्रूसी बुंध्यावरून उठली. उतारावर पार्ट्रिज बेरी या रानफळांचा लाल सडा पडला होता, दवानं गोड झालेला. तिनं काकांचा रिकामा डबा उचलला आणि वाकून बेऱ्या वेचायला लागली. थोड्या वेळानं काकाही कुरकुरत आले, मग पुतण्याही. संध्याकाळी तिघं घरी परतले तेव्हा मूसचा पत्ता नव्हता, पण डबा काठोकाठ भरला होता आणि काकांच्या टोपीतही मावत नव्हत्या इतक्या बेऱ्या होत्या.